डॉक्टरांचे अक्षर आणि कामगाराची छाती



हाताने लिहिलेली वैद्यकीय कागदपत्रे यंत्राकडून वाचवून घेऊन ती संगणकात भरण्याचा उद्योग आज जगभर चालू आहे. त्याचा इतिहास सांगण्यासाठी व्याख्यानमालेच्या चालकांनी माझ्यासारख्या युनियनच्या माणसाला बोलाविले, याचे काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. मी डॉक्टर नाही, इंजिनियरही नाही. माझे शिक्षण गिरणीच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. परंतु नुकसानभरपाईच्या अर्जांच्या निमित्ताने गेली तीस वर्षे डॉक्टरांच्या हातची जितकी कागदपत्रे मी उलगडीत बसलो आहे, तितकी पुष्कळ डॉक्टरांनीही पाहिली नसतील. तेव्हा या विषयावर कामगारांच्या बाजूने चार शब्द बोलण्याचा अधिकार मला आहे, असे मी समजतो.

प्रारंभ जरा दुरून करतो. रोग्याची हकीकत लिहून ठेवण्याची चाल फार जुनी आहे. ग्रीक वैद्य हिपोक्रेटीस याच्या नावावर जे ग्रंथ आहेत, त्यांपैकी साथींवरील पहिल्या व तिसऱ्या भागांत मिळून ४२ रोग्यांच्या हकीकती आहेत. कोणत्या दिवशी ताप चढला, झोप लागली की नाही, लघवीचा रंग कसा होता, हे दिवसाच्या क्रमाने लिहिलेले आहे. त्यांतले निम्म्याहून अधिक रोगी दगावले आणि लिहिणाऱ्याने ते लपविलेले नाही. नोंद ही फुशारकीसाठी ठेवावयाची नसून पुढच्या माणसाला उपयोग व्हावा म्हणून ठेवावयाची असते, हा धडा तेथेच मिळतो.

पण या हकीकतींत एक प्रश्न राहून गेला होता. तो १७०० साली इटलीतील रामाझिनी या वैद्याने विचारला. कामगारांच्या रोगांवर त्याने ग्रंथ लिहिला आणि वैद्यांना बजाविले की, रोग्यापाशी जाल तेव्हा हिपोक्रेटीसने सांगितलेले प्रश्न तर विचाराच, पण त्यांत आणखी एक घाला: तू धंदा कोणता करतोस? गवंडी, कुंभार, आरसे करणारे, मैला उपसणारे अशा नाना धंद्यांतली माणसे त्याने पाहिली होती. आजही दवाखान्याच्या केसपेपरवर 'व्यवसाय' नावाचा रकाना असतो, आणि पुष्कळ वेळा तो कोराच असतो.

आता ही लिहिलेली कागदपत्रे वाचणे किती कठीण, याचा एक दाखला देतो. इंग्लंडात सायमन फोरमन आणि रिचर्ड नेपियर या नावाचे दोन ज्योतिषी-वैद्य होऊन गेले. १५९६ ते १६३४ या काळात त्यांनी सुमारे ८०,००० प्रकरणांची टिपणे ठेविली. ती ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहेत. अक्षर असे की इतिहासाचे पंडितही हात टेकीत. केंब्रिज विद्यापीठातील मंडळींनी लॉरेन कॅसल यांच्या नेतृत्वाखाली ती वाचून, सूची करून सर्वांना खुली केली. त्याला २००८ ते २०१९ अशी सुमारे दहा वर्षे लागली. हे काम मुख्यतः माणसांच्या डोळ्यांनी झालेले आहे, हे लक्षात असू द्या. कारण यंत्राचा इतिहास सांगताना मागे बसलेल्या माणसांचा विसर पडण्याचा संभव फार.

ज्योतिषी-वैद्याकडे एका वेळी एक गिऱ्हाईक येई. पुढे कामगारांचा विमा आला आणि कागदांचा डोंगर उभा राहिला. इंग्लंडात लॉइड जॉर्ज यांच्या खटपटीने १९११ साली राष्ट्रीय विम्याचा कायदा झाला. त्या योजनेतून रोग्याच्या नोंदींसाठी जे लहानसे पाकीट रूढ झाले, त्याला तिकडचे डॉक्टर 'लॉइड जॉर्ज पाकीट' म्हणत आले आहेत. माणूस जन्मभर जगे आणि त्याचे आजारपण त्या पाकिटात घड्या घालून कोंबले जाई. आपल्याकडे कामगार राज्य विम्याचा कायदा १९४८ साली झाला, २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली आणि १९५४ मध्ये ती मुंबईच्या कामगारांपर्यंत आली. 'पॅनेल डॉक्टर' हा शब्द चाळीचाळींत पोचला तो यामुळे.

डॉक्टरांचे अक्षर वाईट का, यावर विनोद पुष्कळ झाले आहेत. मला त्यांत हसण्यासारखे काही दिसत नाही. सायंकाळी पाळी सुटल्यावर दवाखान्याबाहेर साठ माणसांची रांग लागली असेल आणि प्रत्येकाच्या वाट्याला तीन मिनिटे येत असतील, तर शाळेत कित्ता उत्तम गिरविलेल्या माणसाचेही अक्षर बिघडेल. साच्यांची संख्या वाढविली की कापडात डाग येतात, हे कोणीही विणकर सांगेल. ते अक्षर म्हणजे कामाच्या बोजाची खूण आहे.

यंत्राची आणि वैद्यकीय नोंदींची पहिली गाठ पडली ती अमेरिकेत. तेथील सेनेच्या सर्जन-जनरलच्या कचेरीत जॉन शॉ बिलिंग्ज नावाचे डॉक्टर होते. शिरगणतीचे तक्ते हाताने करताना कारकुनांचे होणारे हाल पाहून, हे काम यंत्राने व्हावे अशी कल्पना त्यांनी हर्मन हॉलरिथ या तरुण इंजिनियरला सुचविली. हॉलरिथने छिद्रे पाडलेली पत्रे मोजणारे यंत्र तयार केले. १८९० च्या शिरगणतीमुळे ते गाजले खरे, पण त्याआधी त्याची परीक्षा झाली ती बाल्टिमोर शहराच्या मृत्यूच्या नोंदींवर. म्हणजे यंत्राने पहिल्याने मोजली ती मेलेली माणसे. मात्र एक गोष्ट ध्यानात घ्या. यंत्र मोजीत होते, वाचीत नव्हते. हस्ताक्षर वाचून पत्र्यावर योग्य जागी छिद्र पाडणारा कारकूनच होता.

वाचणारे यंत्र निराळ्याच गरजेतून आले. १९१३ च्या सुमारास बर्मिंगहॅमचे फूर्निए डाल्ब यांनी 'ऑप्टोफोन' तयार केला. छापील अक्षरावरून प्रकाश फिरे आणि अक्षराच्या आकाराप्रमाणे निरनिराळे सूर ऐकू येत. अंध माणसाने ते सूर ओळखून वाचावे, अशी योजना होती. १९१८ साली त्याचे जाहीर प्रयोग झाले, तेव्हा वेग मिनिटाला जेमतेम एक शब्द इतका होता. १९२९ मध्ये ऑस्ट्रियाच्या गुस्ताव टाउशेक याने वाचनयंत्राचे पेटंट जर्मनीत घेतले. १९५१ साली अमेरिकेत डेव्हिड शेपर्ड याने 'गिस्मो' नावाचे यंत्र उभे केले आणि काही वर्षांतच 'रीडर्स डायजेस्ट'च्या कचेरीत टंकलिखित विक्रीपत्रके वाचून त्यांची छिद्रपत्रे करण्याचे काम अशा यंत्राकडे आले. १९६६ मध्ये आय.बी.एम. कंपनीचे १२८७ क्रमांकाचे यंत्र हाताने लिहिलेले आकडे वाचू लागले. मात्र ते ठरलेल्या चौकटीत, नीट काढलेले असले पाहिजेत. १९७६ साली रे कर्झवाइल यांनी छापील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारे यंत्र अंधांसाठी पुढे आणले. इतके झाले तरी धावत्या हस्ताक्षरापुढे यंत्र आंधळेच होते.

ती कोंडी फुटली टपालखात्यात. न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहराच्या टपालातून जाणाऱ्या पाकिटांवरचे पिनकोडासारखे आकडे गोळा करण्यात आले. १९८९ साली बेल प्रयोगशाळेतील यान लकून आणि त्यांचे सहकारी यांनी अशी ९,२९८ आकड्यांची चित्रे घेतली. त्यांपैकी ७,२९१ यंत्राला शिकविण्यासाठी आणि २,००७ परीक्षेसाठी. येथे पद्धतच बदलली. पूर्वी इंजिनियर यंत्राला नियम सांगत: सात म्हणजे वर आडवी रेघ आणि खाली तिरपी. आता नियम सांगणे कमी झाले. हजारो नमुने दाखवावयाचे, प्रत्येकाचे बरोबर उत्तर सांगावयाचे, आणि चूक झाली की यंत्रातील जोडण्यांची वजने थोडी थोडी हलवावयाची. हेच ते न्यूरल नेटवर्क. नवा पोऱ्या साच्यावर असाच शिकतो. सूत कधी तुटणार हे त्याला पुस्तक सांगत नाही. शंभर वेळा तुटलेले पाहिले की त्याच्या बोटांना कळते.

त्या प्रयोगातील एक आकडा माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा आहे. चुकीचे प्रमाण शेकडा एकवर ठेवावयाचे, तर शेकडा सुमारे नऊ आकडे 'वाचता येत नाहीत' म्हणून बाजूला काढावे लागत. यंत्राला 'मला कळत नाही' असे म्हणण्याची मुभा ठेविली होती, आणि म्हणूनच बाकीच्या आकड्यांवर भरवसा ठेवता येत होता.

बाजूला काढलेल्या पाकिटांचे काय होई? त्यांची चित्रे तारेने दूरच्या केंद्रांत जात आणि तेथे पडद्यांसमोर बसलेले कारकून ती वाचून बटणे दाबीत. १९९७ साली अमेरिकेत अशी ५५ केंद्रे होती. त्याच वर्षी बफेलो येथील सरगूर श्रीहरी यांच्या संस्थेने तयार केलेली हस्तलिखित पत्ते वाचणारी पद्धत टपालात लागू झाली, आणि २०१३ पर्यंत केंद्रे दोनवर आली. ज्या कारकुनांनी यंत्राला सापडेना ते वाचले, त्यांचीच जागा यंत्राने घेतली. हा भाग यंत्राच्या इतिहासात सहसा छापला जात नाही, म्हणून येथे मुद्दाम सांगितला.

यानंतरची वाट वेगाने सरली. सुटी अक्षरे न तोडता अखंड ओळ वाचण्याची युक्ती २००६ च्या सुमारास अॅलेक्स ग्रेव्हझ यांच्या कामातून निघाली आणि २००९ साली अशा पद्धतीने हस्ताक्षर वाचण्याच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकल्या. युरोपात इन्सब्रुक विद्यापीठाच्या पुढाकाराने 'ट्रान्सक्रिबस' नावाची व्यवस्था उभी राहिली. कोणाही संशोधकाने आपल्या दप्तराची काही पाने स्वतः वाचून द्यावीत, त्यावरून यंत्राने ते हस्ताक्षर शिकावे आणि पुढची पाने वाचावीत. २०१९ पासून ती व्यवस्था चालविणारी संस्था सहकारी तत्त्वावर आहे, हे सहकाराच्या महाराष्ट्राने जरूर टिपून ठेवावे. आपल्याकडेही २०२५ मध्ये रुरकीच्या आय.आय.टी.तील संशोधकांनी मोडी कागदांची दोन हजारांवर चित्रे जमवून त्यांचे देवनागरी करणारे यंत्र सिद्ध केल्याचे प्रसिद्ध झाले. पेशव्यांच्या दप्तराला दिवस येणार असतील, तर गिरणीच्या दवाखान्याच्या दप्तराला का येऊ नयेत?

पण येथे सावध राहिले पाहिजे. टपालाचा पत्ता आणि डॉक्टरांचे टिपण यांत मोठे अंतर आहे. पत्त्यावरचा पिनकोड, गाव आणि रस्ता एकमेकांना साक्ष देतात. एक चुकला तरी दुसऱ्यावरून दुरुस्ती होते. डॉक्टरांच्या टिपणात नाव मराठी, औषध इंग्रजी, मात्रेची खूण लॅटिन, आणि मध्येच एखादा बाण किंवा अधिकचे चिन्ह. अशा खुणांपायी इतके अपघात झाले की अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेने २००४ मध्ये काही संक्षेप वापरूच नयेत अशी यादी काढली. त्यांत 'युनिट' या शब्दाचे इंग्रजी आद्याक्षर आहे; ते घाईत शून्यासारखे दिसते आणि चाराचे चाळीस होतात. एकच्या पुढे टिंब देऊन लिहिलेले निरर्थक शून्यही आहे. टिंब पुसले की एकाचे दहा.

ही भीती कल्पनेतली नव्हे. १९९५ साली टेक्सासमधील ओडेसा गावी एका हृदयरोग्याला 'आयसॉर्डिल' हे औषध लिहून दिले होते. औषधविक्याने ते 'प्लेंडिल' असे वाचले. मात्रा मात्र आयसॉर्डिलची दिली. ती प्लेंडिलच्या दिवसाच्या कमाल मात्रेच्या आठपट होत होती. रोगी थोड्या दिवसांत मरण पावला. १९९९ मध्ये तेथील ज्यूरीने ४,५०,००० डॉलरची भरपाई देवविली आणि तिचा भार लिहिणारा व वाचणारा या दोघांवर सारखा ठेविला. लिहिणाऱ्याइतकाच वाचणाराही जबाबदार असतो, हे त्या निकालाने सांगितले. मग वाचणारा जर यंत्र असेल, तर जबाबदार कोण?

यंत्राच्या चुकीचा एक निराळा गुण आहे. ती स्वच्छ दिसते. माणसाने नक्कल करताना अडखळले की खाडाखोड होते, प्रश्नचिन्ह पडते. यंत्राची चूक सुबक अक्षरांत येते. २०१३ साली जर्मनीत डेव्हिड क्रीजेल यांना आढळले की, झेरॉक्स कंपनीची काही यंत्रे कागदाचे चित्र काढतानाच आकडे बदलीत होती. एका घराच्या नकाशात १४.१३, १७.४२ आणि २१.११ चौरस मीटरच्या तीन खोल्या होत्या. नकलेत तिन्ही १४.१३ झाल्या. जागा वाचविण्यासाठी यंत्र एकसारखे दिसणारे तुकडे एकच समजून चिकटवीत होते. तेथे तर वाचनाचाही प्रश्न नव्हता, नुसती नक्कल होती. अलीकडची यंत्रे तर भाषाही शिकलेली आहेत. अक्षर पुसट असेल तेथे शब्द कोणता शोभेल याचा ती अंदाज बांधतात आणि बेधडक लिहून मोकळी होतात. बफेलोच्या यंत्राला 'कळत नाही' म्हणता येत होते. तो विनय आजच्या यंत्राकडून मुद्दाम मागून घ्यावा लागतो.

आता हा प्रश्न कामगाराच्या छातीपर्यंत कसा येतो ते सांगतो. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिस या रोगाचे निदान इंग्लंडातील डॉ. रिचर्ड शिलिंग यांनी १९५० च्या दशकात पक्क्या पायावर आणले. त्यांची कसोटी यंत्राची नव्हती, वाराची होती. रविवारची सुटी संपवून माणूस सोमवारी खात्यात शिरला की छाती भरते. रोग वाढला की मग इतर दिवशीही भरते. 'सोमवारी छाती भरते' एवढे तीन शब्द डॉक्टरांनी लिहिले, तर साध्या खोकल्याचा धंदेवाईक रोग होतो आणि भरपाईचा हक्क उभा राहतो. ते पुसले गेले, तर उरते बिडीचा खोकला.

असेच एक प्रकरण काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आले. ब्लो रूममध्ये जन्म काढलेला एक वडीलधारा कामगार. त्याची जुनी कार्डे एका कचेरीत यंत्राने वाचवून घेऊन त्यांचा सारांश काढला होता. सारांशात 'जुनाट खोकला, धूम्रपान' असे होते. मी मूळ कार्ड मागितले. 'त्याची आता गरज काय, सगळे संगणकात आहे,' असे उत्तर आले. चार खेटे घातल्यावर कार्ड मिळाले. त्यावर तीन वेगवेगळ्या तारखांना, आखूड करून, इंग्रजीत 'सोमवार' लिहिलेले होते. डॉक्टरांनी आपले काम केले होते. यंत्राला तो शब्द रोगाच्या वर्णनात शोभला नाही, म्हणून त्याने तो गाळला. मूळ कार्ड रद्दीत गेले असते, तर त्या माणसाचा सोमवार कोणालाही सापडला नसता.

आणि कार्डे रद्दीत जातातच. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णालयात दाखल झालेल्या रोग्याची कागदपत्रे डॉक्टरांनी किमान तीन वर्षे ठेवावयाची आहेत, आणि रोग्याने मागितल्यास ७२ तासांत द्यावयाची आहेत. पण सिलिका, अॅस्बेस्टॉस आणि कापूस यांची धूळ तीन वर्षांचा हिशेब मानीत नाही. तिचे फळ दहा, वीस, कधी चाळीस वर्षांनी दिसते. कारखाना बंद पडतो तेव्हा साचे भंगाराच्या भावाने जातात, जमिनीची मोजणी होते, आणि दवाखान्याची रजिस्टरे कोणाच्याच यादीत नसतात. दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींतल्या सिलिकोसिसच्या दाव्यात २०१९ साली न्यायालयाने मंजूर केलेली तडजोड मार्च १९६५ पासून खाणीत उतरलेल्या कामगारांना लागू झाली. अर्धशतकामागे आपण कोणत्या खाणीत होतो, हे म्हाताऱ्या माणसांना आणि विधवांना दाखवावे लागले. तेथे जुना कागद म्हणजे भाकरी.

म्हणून मी या यंत्राच्या विरुद्ध नाही. ज्या रजिस्टरांना वाळवी लागली आहे, त्यांची चित्रे आजच काढली पाहिजेत. लाखो पाने वाचण्यास माणसे पुरणार नाहीत, तेथे यंत्र हवेच. एका खात्यातील चाळीस माणसांना एकच खोकला आहे, हे चाळीस पाकिटांत दडलेले सत्य यंत्र एका दुपारी उघड करील. रामाझिनीच्या प्रश्नाचे उत्तर सबंध शहरासाठी मिळेल. असे होऊ नये म्हणून कोणाला काळजी वाटत असेल, तर ती का वाटते हेही श्रोत्यांनी ओळखावे.

तथापि काही अटी आपण आताच घातल्या पाहिजेत. मूळ कागद, निदान त्याचे चित्र, यंत्राच्या वाचनाशेजारी कायम राहिले पाहिजे. यंत्राला जेथे शंका आहे तेथे शंकेची खूण उमटली पाहिजे. रिकामी जागा चालेल, बनविलेला शब्द चालणार नाही. ज्या वाचनावर औषध किंवा भरपाई ठरावयाची, ते जाणत्या माणसाने तपासून खाली सही केली पाहिजे, आणि त्या माणसाला त्यासाठी वेळ व वेतन दिले पाहिजे. ज्याच्या शरीराची नोंद, त्याला तिची नक्कल मागता आली पाहिजे आणि ती चुकली असल्यास दुरुस्त करून घेता आली पाहिजे. राष्ट्रीय पातळीवर आरोग्याच्या नोंदी जोडण्याची योजना २७ सप्टेंबर २०२१ रोजी जाहीर झाली आणि व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झाला. ठीक आहे. पण पगार देणाऱ्याच्या हाती कामगाराच्या फुप्फुसाची माहिती भरतीच्या वेळी पडली, तर तिचा उपयोग उपचारासाठी होईल की दार लावून घेण्यासाठी, हे सांगण्यास ज्योतिषी नको.

कोणी म्हणेल, आता डॉक्टर थेट संगणकावर लिहितात. हस्ताक्षराचा प्रश्न पाच-दहा वर्षांत आपोआप मिटेल. नव्या रोग्यांपुरते ते खरे आहे. २०१६ साली औषधांची नावे सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत असा नियमही झाला. परंतु ज्यांनी गेल्या चाळीस वर्षांत धूळ खाल्ली, त्यांची छाती आज भरते आहे, आणि त्यांची हकीकत हस्ताक्षरातच आहे. ती माणसे असेपर्यंत ती वाचली गेली पाहिजे.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. आज घरी गेल्यावर आपल्या वडिलांची, चुलत्यांची, शेजारच्या म्हाताऱ्या कामगाराची दवाखान्याची कार्डे ट्रंकेत असतील ती बाहेर काढा. त्यांचे चित्र काढून ठेवा; मागच्या बाजूला कोणत्या खात्यात, कोणत्या सालापासून काम केले ते त्यांना विचारून स्वच्छ अक्षरात लिहा, आणि मूळ कार्ड पुन्हा ट्रंकेत ठेवा. एवढे काम करण्यास यंत्राची वाट पाहण्याचे कारण नाही.